केमोनंतर पांढऱ्या पेशी परत येतात कुठून?

तुमचे दोन प्रश्न आहेत. केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर आईंच्या पांढऱ्या पेशी 900 वर आल्यात, तोंड आलंय, केस गेलेत, तरी डॉक्टर "आपोआप वर येतील" म्हणतात; हे आपोआप होतं कसं? आणि मामांनी आणलेल्या स्टेम सेलच्या कॅप्सूल द्याव्यात का? मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलंय, म्हणून पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते.

डॉक्टर बरोबर सांगताहेत. केमोची बरीचशी औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींना मारतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण आपल्या शरीरातल्या काही निरोगी जागाही तशाच आहेत: बोनमॅरो (हाडांच्या आतला मगज, जिथे रक्त तयार होतं), तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, केसांची मुळं. आईंचे तिन्ही त्रास नेमके इथलेच आहेत. या जागांवर उत्पादन कधी थांबतच नाही. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, आणि बोनमॅरो दर सेकंदाला साधारण 20 लाख लाल पेशी तयार करतो.

हे सगळं चालतं मोजक्या मूळ पेशींच्या, म्हणजेच स्टेम सेलच्या, जिवावर. दही लावताना चमचाभर विरजण बाजूला ठेवतो, तसं मूळ पेशींचं आहे. त्या विभागतात तेव्हा काही पेशी मूळच राहतात आणि बाकीच्या कामाला लागतात. कामाला लागलेल्या पेशी दुप्पट, चौपट होत जातात आणि शेवटी त्यांच्या लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स होतात. केमोचा मार मुख्यतः या मधल्या, वाढीच्या घाईत असलेल्या पेशींना बसतो. रक्ताच्या मूळ पेशी एरवी बराच काळ निवांत असतात, क्वचितच विभागतात, म्हणून नेहमीच्या केमोतून त्या बहुतांशी वाचतात. पेशी कमी झाल्याचे संदेश पोचले की त्या कामाला लागतात.

अशा पेशी असतात हे दाखवलं टोरांटोच्या टिल आणि मॅकलॉक या दोघांनी, 1961 मध्ये. किरणोत्सर्गाने मॅरो मारलेल्या उंदरांना त्यांनी दुसऱ्या उंदरांचा मॅरो टोचला, तर काही दिवसांनी प्लीहेवर छोट्या गाठी उठल्या. एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते आणि तिच्यात वेगवेगळ्या प्रकारच्या रक्तपेशी असू शकतात, हे पुढे 1963 मध्ये त्यांच्याच गटाने सिद्ध केलं. मला हा प्रयोग अजूनही फार सुंदर वाटतो.

आता आईंचे रिपोर्ट या नजरेने बघा. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात, म्हणून पुरवठा थांबला की आधी तेच घसरतात. प्लेटलेट्स आठ-दहा दिवस जगतात. लाल पेशी सुमारे 120 दिवस टिकतात, त्यामुळे हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं. न्यूट्रोफिल बहुधा दुसऱ्या आठवड्यात तळाला जातात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सावरतात. केमोच्या अनेक सायकल 21 दिवसांच्या असतात, त्याचं एक मोठं कारण हेच.

मॅरो सावरायला लागला की स्लाइडवर ते आधी दिसतं. तळाच्या दिवसांत लिशमन नावाच्या रंगाने रंगवलेली रक्ताची स्लाइड इकडून तिकडे सरकवली तरी पांढरी पेशी सापडत नाही. मग मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) दिसू लागतात, आणि मागोमाग कोवळे न्यूट्रोफिल, ज्यांच्या केंद्रकाचे अजून तुकडे पडलेले नसतात, नुसता वाकलेला पट्टा असतो. मॅरोने माल पिकायच्या आतच बाहेर पाठवलेला असतो. पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल तर हे जास्तच दिसतं. त्या इंजेक्शनने कंबर आणि मांड्या ठणकतात, त्याने घाबरू नका, पण डॉक्टरांना सांगा.

तोंडही याच सुमाराला बरं व्हायला लागतं. केसांच्या मूळ पेशी मुळाच्या थोड्या वर, एका फुगवट्यात असतात. खालचा वाढणारा भाग मेला तरी त्या राहतात, म्हणून उपचार संपल्यावर बहुतेकांचे केस परत येतात.

कॅप्सूल देऊ नका. जिवंत पेशी पोटात गेली तर इतर अन्नासारखी पचते, ती मॅरोपर्यंत पोचत नाही. काही कॅप्सूलमध्ये तर सफरचंदाच्या पेशींचा अर्क असतो. शिवाय प्रत्येक अवयवाच्या मूळ पेशी आपापल्याच घरचं काम करतात. हृदयाच्या स्नायूपेशी तरुणपणीही वर्षाला जेमतेम एक टक्का बदलतात, म्हणून हार्ट अटॅकनंतर तिथे व्रण राहतो. "एकच स्टेम सेल, सगळ्यावर इलाज" असं कुणी म्हणालं की सावध व्हा. बाहेरून मूळ पेशी देण्याचा पक्का, रुळलेला उपचार रक्ताच्या आजारांचा आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 मध्ये भारतातलं पहिलं यशस्वी बोनमॅरो प्रत्यारोपण केलं. त्यात पेशी शिरेतून देतात आणि त्या आपल्या आपण मॅरोत जाऊन वसतात. बाकी बहुतेक आजारांसाठी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूळ पेशी फक्त मंजूर झालेल्या चाचणीतच वापरता येतात. मामांना वाईट वाटू नये म्हणून डबा ठेवून घ्या, पण आईंना काहीही नवं देण्याआधी ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, विचारा.

आता तातडीचं. 900 हा सगळ्या पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा झाला. न्यूट्रोफिल 40 टक्के असतील तर ते 360 होतात, आणि 500 च्या खाली जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, रात्री दोनलाही हॉस्पिटल गाठा. तोंडासाठी कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या, मऊ ब्रश, तिखट-आंबट बंद. पुढच्या सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट इथे टाकलात तर डिफरन्शियल काउंटसकट, म्हणजे कुठल्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी किती टक्के त्या आकड्यांसकट, टाका, म्हणजे पेशी वर येऊ लागल्यात का ते बघून सांगते.