सेल नवा, तरी छायाचित्रे काळपट

प्रश्न : वडिलांचा मिनोल्टा एसआर-टी १०१ कॅमेरा माळ्यावरून काढला आणि घड्याळवाल्याकडून त्यात त्याच आकाराचा नवा सेल बसवून घेतला. प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा काटा व्यवस्थित हलतो. मात्र गोदाघाटावर काढलेला अख्खा रोल काळपट आला. मीटर दुरुस्तीला द्यावा का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : एवढ्यात देऊ नका. घड्याळवाल्याने आकार बरोबर जुळवला, व्होल्टेज मात्र जुळले नाही. हा मीटर पीएक्स ६२५ या पाऱ्याच्या सेलसाठी बेतलेला आहे. तो सेल १.३५ व्होल्ट देत असे आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, संपत येईपर्यंत जवळजवळ तेवढेच देत राही. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ते सेल बाजारातून गेले. आता त्या आकारात मिळणारा अल्कलाइन सेल नवा असताना १.५ व्होल्ट किंवा किंचित अधिक देतो. त्यामुळे काटा प्रत्यक्षाहून जास्त प्रकाश दाखवतो, आपण त्यावर विसंबून ॲपर्चर, म्हणजे भिंगातले प्रकाश आत सोडणारे छिद्र, लहान करता आणि फिल्मवर प्रकाश कमी पडतो.

कॅमेऱ्यावरचा एएसए आकडा, म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा, कमी लावून ही तूट भरून काढा, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. एखाद्या रोलपुरते ते चालेल. पण अल्कलाइन सेलचे व्होल्टेज वापराबरोबर उतरत जाते, त्यामुळे आज केलेली भरपाई काही महिन्यांनी उलट्या बाजूची चूक ठरते.

माझी पसंती कानाच्या मशीनमध्ये घालतात त्या ६७५ क्रमांकाच्या झिंक-एअर सेलला आहे. तो सुमारे १.४ व्होल्ट देतो आणि ते बरेच स्थिर राहते. जुन्या सेलपेक्षा त्याचा व्यास साधारण चार मिलिमीटरने कमी असल्याने भोवती रबरी कडे बसवावे लागते. मात्र सेलवरची बारीक छिद्रे झाकली जाऊ नयेत, कारण हवेशिवाय तो चालत नाही. छिद्रांवरची चिकटपट्टी काढल्यावर काही मिनिटे थांबून मगच तो बसवावा. पट्टी निघाली की कॅमेरा वापरा अगर ठेवून द्या, सेल हळूहळू सुकतोच, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तर लवकरच. ही कटकट नको असेल तर १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि व्होल्टेज उतरवणारा डायोड असलेला ॲडॉप्टर घ्यावा. नुसते आकार जुळवणारे स्वस्त कडे घेऊन फसू नका.

सेल बदलल्यावर पडताळणी सोपी आहे. स्वच्छ दुपारी, सूर्य पाठीशी ठेवून, उन्हातल्या हिरवळीवर मीटर धरा, नदीच्या चकाकत्या पाण्यावर नव्हे. एएसए १०० आणि शटर १/१२५ सेकंद असताना ॲपर्चर एफ १६ च्या आसपास आले, तर मीटर शाबूत आहे. तसे न आल्यासच दुरुस्तीचा विचार करावा. तोवरही छायाचित्रण थांबवण्याचे कारण नाही, कारण या कॅमेऱ्याचे शटर यांत्रिक असून ते सेलशिवाय चालते.

वडिलांच्या कॅमेऱ्यात जुना पाऱ्याचा सेल निघाला असेल, तर तो घंटागाडीतल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवून ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्या.