जळगावात ऑफिसमध्ये ॲनिमोन ठेवायचा असेल तर आधी एक मे महिना जाऊ द्या

भाऊ, तुम्ही विचारलंय की जळगावात टॅक्सच्या कामाचं छोटं ऑफिस आहे, टेबलाच्या बाजूला चाळीस लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक लावायचा, त्यात क्लाउनफिशची (केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे छोटे समुद्री मासे) जोडी आणि एक ॲनिमोन (समुद्रफूल, म्हणजे दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) सोडायचा. हे जमेल का, आणि आपल्याकडे बोअरचं पाणी तसंही खारंच, तर मीठ कमी लागेल का?

मिठाचं आधी सांगून टाकतो. नाही लागणार कमी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, शेतीच्या पट्ट्यात नायट्रेटही असतं. समुद्राच्या पाण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. टँकसाठी आरओचं पाणी घ्या, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं. जारवाल्याचं पाणी चालेल असं गृहीत धरू नका, चवीसाठी बरेच प्लांटवाले टीडीएस मुद्दाम वर ठेवतात. त्यात ॲक्वेरियमचं मरीन सॉल्ट, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याचा खारटपणा मोजायचं साधन) १.०२५ च्या आसपास रीडिंग. किराणा दुकानातलं खडेमीठ नाही.

आता मुख्य गोष्ट. ऑफिसातला टँक बिघडतो तो तुम्ही समोर बसलेले असताना नाही, शनिवारी संध्याकाळी शटर ओढल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत बिघडतो. त्यात आपलं खान्देश. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो, नेमकी तेव्हाच आखाजी येते आणि अर्धं ऑफिस गावी पांगतं. एसी बंद, खिडक्या बंद, स्लॅब तापलेला. ॲनिमोनला पाणी २४ ते २७ अंश हवं. ३० च्या वर बराच वेळ राहिलं की त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर पडायला लागतं. ते शैवाल प्रकाशावर अन्न तयार करतं आणि ॲनिमोनचं पोट मुख्यतः त्याच्यावरच चालतं. ते गेलं की तो पांढरा पडतो. दुकानात शुभ्र पांढरा ॲनिमोन ‘शोभेचा’ म्हणून दाखवतात तो बहुतेक वेळा असाच उपाशी जीव असतो. गडद गुलाबी किंवा पिवळाधमक दिसला तर रंगवलेला असण्याची शक्यता धरून चाला.

पाण्यावर पंखा मारला तर तीन-चार अंश उतरतात. डेझर्ट कूलरचंच तंत्र आहे, आणि आपली हवा कोरडी म्हणून उन्हाळ्यात ते चांगलं चालतं. पण बंद खोली ४० अंशांवर असेल तर तीन-चार अंश उतरून काय होणार? शिवाय पंख्याने पाणी उडतं आणि मीठ मागेच राहतं. साठ लिटरच्या टँकमधून शनिवार-रविवारात तीन लिटर पाणी गेलं, तर लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ होतं ते ३७ च्या जवळ जातं. म्हणून फ्लोट सेन्सरचा ऑटो टॉप-अप लावा, म्हणजे पातळी उतरली की आपोआप पाणी भरलं जातं. त्याच्या डब्यात साधं आरओ पाणी, मीठ घातलेलं नाही. चाळीस लिटरमध्ये हे सगळे हेलकावे आणखी जोरात बसतात. साठला मासे राहतील. ॲनिमोन नक्की ठेवायचाच असेल तर शंभरच्या आसपास जा, आणि स्टँड तेवढं वजन पेलणारं घ्या.

चिलर (टँकचं पाणी गार करणारं यंत्र) लावणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात घ्या. तो बाकी सगळ्या टँकपेक्षा महाग पडू शकतो, आणि पाण्यातून काढलेली उष्णता तो खोलीतच सोडतो. काचेच्या बंद केबिनमध्ये ठेवला तर तो खोली तापवतो आणि खोली परत टँकला तापवते. त्याच्यामागे हवा खेळायला जागा पाहिजे, जमल्यास एक्झॉस्ट.

विजेचं तर फारसं कोणी बोलतच नाही. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे, पण संध्याकाळी जाताना शिपाई सवयीने मेन स्विच पाडतो त्याचं काय? त्याची चूक नाही, त्याला तसंच शिकवलंय. टँकची लाइन मेन स्विचच्या आधीच वेगळी काढून तिला स्वतंत्र एमसीबी बसवा आणि त्यावर मराठीत ठळक लिहा: ‘बंद करू नये’. इन्व्हर्टरवर फक्त फिरता पंप ठेवा. १५० एएचची बॅटरी दहा वॉटच्या पंपाला दोन दिवस सहज पुरते, अट एवढीच की ऑफिसचे पंखे त्याच इन्व्हर्टरवर चालू राहायला नकोत. गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो, त्यात पाणी हललं नाही तर मासे आधी जातात.

प्रकाशाचं त्या मानाने सोपं: टायमरवर नऊ-दहा तास, रीफसाठीचाच (प्रवाळ-ॲनिमोनच्या टँकसाठी बनवलेला) एलईडी. खिडकीजवळ टँक नको.

ॲनिमोन चालतो हे लोकांना खरं वाटत नाही. प्रकाश किंवा पाण्याचा प्रवाह आवडला नाही की पाय सोडवून तो रात्रीतून जागा बदलतो. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात तो शनिवारी रात्री वेव्हमेकरकडे (टँकमध्ये पाण्याचा प्रवाह करणारा पंप) सरकला आणि त्याच्या पंख्यात ओढला गेला. सोमवारी सकाळी कंपाउंडरने दार उघडलं तेव्हा वास बाहेर वेटिंगपर्यंत आला होता. पाणी दुधासारखं, काचेवर तपकिरी चिंध्या चिकटलेल्या, आणि मासे तळाशी. मेलेला ॲनिमोन काही तासांत छोटा टँक नासवतो. म्हणून पंपाच्या तोंडाला जाड स्पंज किंवा जाळी आधीच बसवा. आणि ऑफिसात पेस्ट कंट्रोल, रंगकाम, रूम फ्रेशनरचा फवारा, यातलं काहीही होणार असेल तर तुम्हाला आधी कळलं पाहिजे.

क्लाउनफिशला टँकमध्ये ॲनिमोन लागतोच असं नाही. त्याच्याशिवाय ते मजेत राहतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास आपल्याच देशात करून दाखवली आहे, तेव्हा टँकमध्ये जन्मलेलेच मागा. प्रवाळाच्या मात्र वाटेला जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये ते आहे. किनाऱ्यावरून आणलेला मेलेला तुकडासुद्धा अडचणीत आणतो. सिरॅमिकचे दगड घ्या.

एक उदाहरण लोक नेहमी तोंडावर मारतात. स्कॉटलंडमध्ये १८२८ मध्ये समुद्रातून आणलेला एक ॲनिमोन काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगला, मग आमचा चाळीस लिटरमध्ये का नाही? अहो, तो थंड समुद्रातला होता, त्याला शैवालासाठी दिवे लागत नव्हते, हवा एडिंबरोची होती आणि त्याचं पाणी माणूस नेमाने बदलत होता. बरणी लहान होती ते खरं, पण ती भुसावळात मेमध्ये कुलूपबंद नव्हती.

तर क्रम असा धरा. पावसाळा सरला की टँक भरा. अमोनिया आणि नायट्राइट (नव्या टँकमध्ये तयार होणारी विषारी द्रव्यं) दोन्ही शून्यावर यायला चार ते सहा आठवडे जातात, तोवर त्यात काही सोडायचं नाही. दिवाळीनंतर क्लाउनफिशची जोडी. दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदल. मग त्या जोडीवरच पुढचा एप्रिल-मे काढा, थर्मामीटर कमाल-किमान नोंदवणारा घ्या आणि दर सोमवारी आकडा लिहून ठेवा. तो २८ च्या आत राहिला तर पुढच्या हिवाळ्यात बबल-टिप ॲनिमोन बघा. त्यातल्या त्यात सोसणारा तोच. कार्पेट ॲनिमोन नको, तो मासे गिळतो. घेताना तोंड घट्ट मिटलेलं आहे का, पाय फाटलेला नाही ना, हे बघा, आणि दुकानदाराला तो काचेवरून ओरबाडून काढू देऊ नका, हवं तर अर्धा तास थांबा. मुंबईहून आणत असाल तर रात्रीची गाडी पकडा आणि पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवा, सकाळी स्टेशनवर कोणीतरी घ्यायला असू द्या.

तांब्याचं कुठलंही औषध त्या टँकमध्ये कधी घातलेलं नसावं. जुना टँक कोणाकडून घेणार असाल तर हे आधी विचारा.