वाचकांचे प्रश्न : तालुक्याच्या गावातील संग्रहालय

या अंकासाठी खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी गावपातळीवरील संग्रहालये आणि तेथील कार्यक्रम यांविषयी आहेत. त्यांतील निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या दोन खोल्यांत नाणी, तलवारी, काही भग्न मूर्ती आणि शेतीची जुनी अवजारे यांचा संग्रह आहे. शाळेची सहल आली तर दार उघडते, एरवी कुलूप असते. वर्षभराचे कार्यक्रम आखण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक कार्यवाह, जळगाव जिल्हा

उत्तर : आपण कार्यक्रमांची यादी मागितली आहे, परंतु त्याआधी संग्रहाची नोंदवही पाहावी, असे सुचवतो. कोणती वस्तू कोणी दिली, कोणत्या गावची आहे आणि घरात तिचा काय उपयोग होत असे, एवढे जरी प्रत्येक वस्तूपुढे लिहिलेले नसेल, तर पहिला कार्यक्रम तोच आहे. गावातील ज्येष्ठ मंडळींना, विशेषतः स्त्रियांना, एका संध्याकाळी बोलवावे, वस्तू त्यांच्या हाती द्याव्यात आणि त्या जे सांगतील ते महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे. मोटेच्या प्रत्येक भागाचे नाव सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत, आणि ती संग्रहालयात प्रेक्षक म्हणून येणार नाहीत. जाणकार म्हणून बोलावले तर मात्र आनंदाने येतील. गावच्या संग्रहालयाची गर्दी वाढते ती अशाच वाटेने.

ही रीत नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे घरोघर फिरून दप्तरे धुंडाळीत असत. 1926 च्या डिसेंबरअखेरीस धुळे येथे त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. खान्देशातील अनेक घरांत आजही जुन्या मोडी लिपीतील कागद फडक्यात बांधून ठेवलेले असतात आणि ते वाचता येत नाहीत म्हणूनच एखाद्या दिवशी रद्दीत जातात. सुट्टीच्या दिवशी मोडीचा वर्ग सुरू केल्यास आणि शिकणाऱ्याने स्वतःच्याच घरचा कागद सरावासाठी आणावा असा पायंडा पाडल्यास, शिक्षणही होते आणि गावात कोणते कागद कोठे आहेत याची नोंदही आपोआप तयार होते. कागद ठेवून घेण्याचा आग्रह धरू नये. छायाचित्र घेऊन मूळ कागद परत दिला म्हणजे विश्वास बसतो, आणि पुढे देणगी येते ती या विश्वासातून.

वर्षाचे वेळापत्रक ठरवताना गावचे पंचांग समोर ठेवावे. 18 मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन असतो आणि त्या दिवशी कार्यक्रम घेण्याचा मोह बहुतेक संस्थांना होतो. परंतु आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, लग्नसराई असते आणि पत्र्याच्या छताखाली भाषण ऐकायला पाहुणाच तेवढा उरतो. तो दिवस साजरा करायचाच असेल तर ऊन उतरल्यावर अंगणात करावा. त्याऐवजी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींना गौराईची व झोक्याची गाणी म्हणण्यासाठी संग्रहालयाच्या आवारात बोलवावे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी चालतात. तेव्हा मुलींनी मातीच्या भुलाबाई तेथे बसवाव्यात, आजींनी गाणी शिकवावीत, आणि खाऊ ओळखण्याचा खेळ मात्र कोणत्याही परिस्थितीत वगळू नये, कारण मुले त्यासाठीच येतात. दालनात मातीचे खापर ठेवलेले असेल तर एखाद्या रविवारी अंगणात चूल पेटवून त्याच जातीच्या दुसऱ्या खापरावर मांडे करून दाखवावेत. पुरणाचा मांडा हातावर विस्तारत नेऊन उलट्या खापरावर टाकणाऱ्या सुगरणीचे कसब कोणत्याही फलकावर लिहून समजत नाही. व्याख्यानमाला हवी असेल तर ती 19 ते 25 नोव्हेंबरच्या जागतिक वारसा सप्ताहात घ्यावी. हवामानही सोसवणारे असते.

प्रश्न : संग्रहालयाच्या वर्धापनदिनी आम्ही वहीगायन या खान्देशी लोकगायनाचे मंडळ, पावरा या आदिवासी समाजातील होळीनृत्याचे पथक आणि कानबाई या लोकदेवतेची गाणी म्हणणाऱ्या महिला यांना एकाच मंचावर, प्रत्येकी पंधरा मिनिटे देऊन बोलावणार आहोत. मानधन द्यावे का आणि चित्रीकरण करावे का?
— एक शिक्षिका, धुळे जिल्हा

उत्तर : मानधन द्यावेच, आणि ते आधी सांगून द्यावे. शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र यांवर कलावंताची बोळवण करून मंडप, ध्वनिक्षेपक व भोजन यांवर मात्र खर्च करण्याची आपल्याकडची पद्धत मला अत्यंत अयोग्य वाटते. शेतमजुरी करणारा गायक त्या दिवसाची मजुरी बुडवून येतो, हे अंदाजपत्रक करताना लक्षात असावे.

पंधरा मिनिटांच्या विभागणीविषयी मात्र पुनर्विचार करावा. वहीगायन हळूहळू रंगत जाणारे आहे. गायकांचा आवाज लागेपर्यंतच आपले निवेदक वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवतील. तीन कला एका संध्याकाळी उरकण्यापेक्षा तीन वेगवेगळ्या संध्याकाळी एकेक कला बोलवावी आणि मंच न उभारता अंगणात बिछायत घालावी. कानबाईच्या गाण्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते, रोटांचा नैवेद्य होतो आणि ती गाणी त्या विधीचा भाग असतात. ती अवेळी, मंचावर म्हणणे योग्य वाटते की नाही, हे त्या महिलांनाच विचारावे, आणि त्यांनी नको म्हटले तर विषय तेथेच थांबवावा. सातपुड्यातील होळीच्या नाचालाही हेच लागू आहे. मोरपिसांचे टोप आणि कमरेचे घुंगरू पाहायचे असतील तर होळीच्या दिवसांत आपणच डोंगरात जाणे अधिक उचित.

चित्रीकरण जरूर करावे, पण संमती घेऊन. आणि ध्वनिचित्रफितीची एक प्रत कलावंतांना द्यावी. तिच्याबरोबर गायकांची नावे, गाव, गाणे कोणाकडून शिकले आणि गाण्याचे शब्द यांची लेखी नोंद हवी. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्या माणसांनी उतरवून घेतल्या, म्हणूनच 1951 मध्ये त्या गेल्यानंतर पुढील वर्षी त्यांचे पुस्तक निघू शकले. आपल्या संग्रहालयाने तेवढेच काम करायचे आहे.

प्रश्न : दालनातील माहितीफलक प्रमाण मराठीत असावेत की अहिराणीत?
— एक वाचक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : दोन्हींत असावेत, मात्र सबंध खान्देशात एकच बोली चालते असे समजू नये. धुळे, साक्री, अमळनेर या बाजूला अहिराणी लोकांच्या तोंडी आहे. यावल-रावेरकडे लेवा गणबोली ऐकू येते, आणि आपल्या जिल्ह्यात भिली व पावरी बोलणाऱ्यांची संख्या मोठी आहे. वस्तू ज्या घरातून आली त्या घरची बोली फलकावर यावी आणि मजकूर त्या बोलीच्या माणसाकडूनच लिहवून घ्यावा. प्रमाण मराठीतला मजकूर घेऊन क्रियापदे तेवढी अहिराणी करणे, हा प्रकार हल्ली फार दिसतो; तो टाळावा.

प्रश्न : तापीकाठच्या आमच्या शेतात नांगरट करताना गाडग्यात ठेवलेली काही नाणी आणि नक्षी असलेली खापरे मिळाली. ती परस्पर गावच्या संग्रहालयाला देता येतील का?
— एक शेतकरी, नंदुरबार जिल्हा

उत्तर : नाणी परस्पर देता येणार नाहीत. 1878 च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. काय सापडले, कोठे आणि कोणत्या दिवशी, हे त्यात लिहावे लागते. ही सूचना दडवणे हा गुन्हा ठरतो. नाणी घासून-पुसून चकचकीत करू नयेत आणि सोनाराकडे तर नेऊच नयेत.

खापरांना बाजारात किंमत नसली तरी इतिहासाच्या दृष्टीने ती नाण्यांहून कमी नाहीत. आपल्याच शहादे तालुक्यातील प्रकाशे येथे 1955 च्या सुमारास झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर उजेडात आले, आणि त्याच परिसरातील सावळदे गावाच्या नावावरून एका संस्कृतीला नाव मिळाले, तेही तेथील रंगीत खापरांमुळेच. म्हणून शेतातील नेमकी जागा व खोली लिहून ठेवावी, जागेची छायाचित्रे घ्यावीत, कुतूहलापोटी आणखी खणू नये, आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. संग्रहालयाने एवढे करावे, की अर्ज लिहून देण्यास मदत करावी आणि पाठपुरावा करावा. गावोगावी शेतकऱ्यांना हा कायदा समजावून सांगणारी सभा घेणे हाही संग्रहालयाचा एक चांगला उपक्रम होईल, कारण भीतीपोटी वस्तू पुन्हा पुरल्या जातात किंवा विकल्या जातात.

प्रश्न : माझे आजोबा 1936 च्या फैजपूर काँग्रेसला स्वयंसेवक होते. त्या काळातील काही छायाचित्रे आमच्याकडे आहेत. संग्रहालय ती प्रदर्शनासाठी मागत आहे; खराब होतील अशी धास्ती वाटते.
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : धास्ती रास्त आहे. ग्रामीण भागात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन असल्याने ही छायाचित्रे गावाने पाहावीत, याविषयी शंका नाही. परंतु मूळ प्रती भिंतीवर लावण्याची गरज नाही. उत्तम दर्जाचे स्कॅन करून त्यावरून काढलेल्या प्रती लावाव्यात. मूळ छायाचित्रांना लॅमिनेशन करू नये, मागे गोंद वा चिकटपट्टी लावू नये, आणि नावे लिहायची झाल्यास मऊ पेन्सिलीने मागच्या कडेला लिहावीत. प्रत्येक छायाचित्र आम्लविरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात घालून ते खालच्या मजल्यावरील, ओल नसलेल्या खोलीतील कपाटात ठेवावे. माळा उन्हाळ्यात तापतो, म्हणून तेथे नको. कसर लागली आहे का, हे पावसाळा संपल्यावर एकदा पाहावे. संग्रहालयाशी व्यवहार करताना छायाचित्रे दान देत आहात की मुदतीवर, आणि ती छापण्याची परवानगी कोण देणार, हे कागदावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. प्रदर्शनात एक कोरी वहीही ठेवायला सांगावे. त्या परिसरातील कोणी ना कोणी छायाचित्रातला चेहरा ओळखेल आणि तेथेच नाव लिहून जाईल.