खजिना, फौज आणि सालदाराचे साल

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

‘एम्पायर: टोटल वॉर’ या संगणकावरच्या युद्धखेळातल्या तुझ्या डावाचा स्क्रीनशॉट मिळाला. १७०० साली मराठ्यांची बाजू घेऊन सुरू केलेला डाव १७१२ मध्येच अडला आहे, तीन भरगच्च फौजा सीमेवर उभ्या आहेत आणि खजिन्यात एका तुकडीच्या भरतीपुरतेही पैसे उरलेले नाहीत. मला याचे आश्चर्य वाटले नाही, कारण माझे पहिले दोन डाव याच रीतीने बुडाले होते.

तू भरतीची किंमत पाहतेस, पोसण्याची पाहत नाहीस. भरतीचा खर्च एकदाच होतो. पगार मात्र प्रत्येक टर्नला, म्हणजे खेळातल्या प्रत्येक पाळीला, वजा होतो, आणि एका वर्षाचे दोन टर्न असल्यामुळे दहा वर्षे नुसती उभी राहिलेली तुकडी वीस वेळा पगार घेऊन जाते. पाडव्याला शेतावर वर्षाच्या बोलीने सालदार ठेवताना तुझे आजोबा जो हिशोब करत, तोच इथे करायचा आहे. पेरणी असो की भर उन्हाळा, सालदाराचे साल ठरलेले असते. म्हणून बारमाही काम असेल तितकेच सालदार ठेवायचे आणि निंदण-वेचणीला रोजाची माणसे सांगायची. खेळात रोजाने शिपाई मिळत नाहीत, पण मोहीम संपल्यावर तुकडी मोडता येते. तुला ते जिवावर येते, हे मी जाणतो.

एका फौजेत वीसच तुकड्या मावतात. अशी एकच पूर्ण फौज चांगल्या सेनापतीच्या हाताखाली ठेव आणि तिला सतत कामाला लाव. ठाण्यांच्या बंदोबस्ताला स्वस्त पायदळ पुरते. तिथे तू हत्ती बांधून ठेवले आहेस, ते केवळ हौसेचे आहे.

आता कर. उमराव आणि सामान्य रयत यांच्यावरचा कर वेगवेगळा ठरवता येतो, आणि तू दोन्ही टोकाला नेले आहेत. त्यामुळे या टर्नची वसुली वाढते, पण प्रांताची संपत्ती वाढायची थांबते आणि रयत बिथरते. रयतेचा कर खाली आण. नव्याने जिंकलेला प्रांत तर काही वर्षे करमुक्तच ठेव, कारण तिथल्या लोकांचा परक्या सत्तेला असलेला विरोध हळूहळूच ओसरतो. तोवर तो प्रांत उत्पन्नाच्या नव्हे, खर्चाच्या रकान्यात मांड, आणि तो खर्च झेपेल तेव्हाच पुढचा प्रांत घे. उत्तरेला मोगल आणि दक्षिणेला म्हैसूर अशी दोन युद्धे एकाच वेळी ओढवून घेण्याइतकी तुझी ऐपत अजून नाही.

या खेळात कर्ज काढायची सोय नाही, हे तुझे भाग्यच समज. थोरल्या बाजीरावांसारखा सेनानी रणांगणावर अजिंक्य राहिला, पण सावकारांच्या तगाद्याने किती गांजला होता, हे त्यांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांतून दिसते. फौजेच्या दाण्यागोट्याचा हिशोबही खेळात नाही. पानिपतावर १७६१ च्या जानेवारीत भाऊसाहेबांचे सैन्य लढाईला उभे राहिले ते उपाशीपोटी, कारण त्याआधीच्या डिसेंबरात रसद पुरवणारे सरदार गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीची उरलीसुरली आशाही गेली. तुला सांभाळायचा आहे तो फक्त पैसा.

पैशाचा दुसरा झरा समुद्रात आहे. ब्राझील, आयव्हरी कोस्ट, मादागास्कर आणि ईस्ट इंडीज या चार व्यापारी क्षेत्रांत मालाची ठाणी आहेत. तिथे व्यापारी जहाजे उभी केली की प्रत्येक टर्नला माल येत राहतो. जागा लवकर भरतात, तेव्हा बंदर हाती येताच जहाजे सोड आणि चाच्यांसाठी एखादे लढाऊ जहाज सोबत दे. शोधलेले तंत्रज्ञान तहाच्या बोलणीत इतर राज्यांना रोख घेऊन विकता येते, पण ते शेजारच्या शत्रूला विकू नकोस.

तूर्तास तिसरी फौज मोड, दुसरीतले हत्ती कमी कर, रयतेचा कर दोन पायऱ्या उतरव आणि चार टर्न कोणावरही चाल करू नकोस. संध्याकाळी लाइन जाण्याआधी डाव सेव्ह करत जा. चार टर्ननंतरचा आकडा मला पाठव. तेव्हा खजिन्यातली शिल्लक नको, दर टर्नला खर्च वजा जाऊन काय उरते तेवढेच लिही.

तुझा मामा