फ्री जॅझ जास्त ताजं का? नव्या श्रोत्याला सल्ला

भावा, स्ट्रेट-अहेड (ठरलेली चाल आणि ताल धरून वाजवलेलं जॅझ) शिळं आणि फ्री जॅझ (ती चौकट सोडून मोकळं वाजवलेलं) ताजं, असं आत्ताच ठरवून टाकू नकोस. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनचा 'फ्री जॅझ' हा अल्बम १९६० साली रेकॉर्ड झाला. चार-चार वादकांच्या दोन चौकड्या एकाच वेळी, सदतीसेक मिनिटं. म्हणजे ते 'नवीन' साठी ओलांडून गेलंय! त्यातल्या किंचाळ्या आणि तुटक फुंकाही आता ठरीव झाल्यात. रोज तेच वाजवणारे फ्रीवालेही भरपूर आहेत.

आपल्या कोल्हापुरात हे कळायला अवघड जाऊ नये. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक. त्यांच्या गायकीत तालाची चौकट पक्की, पण तान कुठून वळेल याचा पत्ता नाही. तसंच ३२ बारच्या (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड) चौकटीत सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स काय करतो ते ऐक. १९५७ चं व्हिलेज व्हॅनगार्ड या न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबमधलं रेकॉर्डिंग घे. पियानो नाही, फक्त सॅक्सोफोन, बास आणि ड्रम. मूळ चाल मनात गुणगुणत राहा, म्हणजे तो कुठं निसटला आणि कुठं परत आला ते सापडेल.

मगच कोलमनचं 'लोनली वूमन' लाव, १९५९ चं. ड्रम घाईत पळतायत आणि वर सूर संथ तरंगतोय. इथंही पियानो नाही, त्यामुळं कॉर्डचं (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीचं) कुंपण ढिलं. सुरुवातीलाच सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं 'असेन्शन' हे गोंगाटी फ्री जॅझ लावलंस तर घरचे स्पीकर काढून घेतील, आणि मी त्यांच्याच बाजूनं असेन. ते महिन्याभरानं, हेडफोनवर.