जिओग्राफी नाही, तरी मॅपिंग प्रोजेक्टला अर्ज करू का?

प्रश्न : ताई, मी नाशिकला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठाच्या एका मॅपिंग प्रोजेक्टसाठी स्टुडंट रिसर्च असिस्टंट हवेत अशी नोटीस लागलीय, गोदावरी खोऱ्यातले नाले आणि जमिनीचा वापर यांचे नकाशे करायचेत. दहावीनंतर भूगोलाला हात लावलेला नाही. घरचे म्हणतात यापेक्षा कोडिंगचा क्लास लाव. काय करू?
— एक वाचक, सिडको

उत्तर : अगं अर्ज कर की! भूगोलवाल्यांना नकाशा वाचता येतो, पण डेटा साफ करणारं माणूस अशा टीममध्ये शोधूनही सापडत नाही, आणि तिथेच तुझा नंबर लागू शकतो.

फक्त काम काय असतं ते आधी ऐक, कारण नोटिशीत 'रिसर्च' लिहितात आणि सुरुवातीचे महिने जातात माउस चालवण्यात. सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे डोंगर-नद्या-रस्ते दाखवणारा सरकारी नकाशा, स्कॅन करून जिओरेफरन्स करायची, म्हणजे तिला खरे अक्षांश-रेखांश जोडायचे, मग एकेक नाला, तळं, वस्ती डिजिटाइझ करायची, म्हणजे माउसने गिरवायची. आपलं नाशिक बरोबर २० अंश अक्षवृत्तावर बसलंय, त्यामुळे जुन्या १:५०,००० च्या टोपोशीटमध्ये शहर एका शीटवर मावतच नाही, वरची आणि खालची जोडावी लागते, आणि जोडावर नाला इकडून एक रेघ नि तिकडून दुसरी असा तुटलेला दिसला की तो जुळवत बसायचं. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू.

पण गंमतही त्यातच आहे. शेपफाइलमध्ये, म्हणजे नकाशाचा डेटा ज्यात साठवतात त्या फाइलमध्ये, कॉलमचं नाव १० अक्षरांच्या वर जात नाही, एन्कोडिंग चुकलं की गावांची मराठी नावं नुसती प्रश्नचिन्हं होऊन बसतात, कुणी अक्षांश-रेखांशातच क्षेत्रफळ काढतं आणि उत्तर येतं भलतंच, मग लेयर (नकाशाचा तो थर) यूटीएम झोन ४३ उत्तरमध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, न्यावा लागतो. 'पाझर तलाव', 'पाझरतलाव', 'पा. तलाव' अशी एकाच गोष्टीची तीन नावं टेबलात असतात, ती पायथॉनने दहा मिनिटांत एकसारखी करून दिलीस की सर तुला सोडणार नाहीत. म्हणजे कोडिंगचा क्लास तिथेच झाला की, घरी असंच सांग.

इंटरव्ह्यूला सर्टिफिकेटांची फाइल नको, स्वतः केलेला एक नकाशा ने. नकाशे करायचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस फुकट आहे, सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रंही फुकट मिळतात, त्यातला एक पिक्सेल साधारण १० मीटरचा असतो. गंगापूर धरणाचं मे महिन्यातलं आणि पावसाळा संपल्यावरचं पाणी काढून शेजारी शेजारी ठेव. जुलै-ऑगस्टची चित्रं घेऊ नकोस, नुसते ढगच दिसतात. स्केल, उत्तर दिशा, डेटा कुठून घेतला हे कोपऱ्यात लिही, बरेच जण तेच विसरतात.

आता पैशाचं. लाजू नकोस, विचार. आठवड्याला किती तास, परीक्षेच्या दिवसांत सूट आहे का, मानधन दर महिन्याला की ग्रँट सुटल्यावर, आणि नकाशावर किंवा रिपोर्टात नाव येणार का. कमवा आणि शिका योजनेसारखे तासाचे पैसे असतील असं धरून चालू नकोस, इथे प्रोजेक्टप्रमाणे बदलतं. 'अनुभव मिळेल ना' एवढंच उत्तर आलं आणि काम मात्र रोजचं असेल, तर माझं मत विचारशील तर सरळ नाही म्हण. फिल्डवर्क असेल तर जायची-यायची सोय कोण करणार तेही आत्ताच विचार, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतून उन्हात जीपीएस घेऊन फिरून शेवटच्या एसटीसाठी पळणं दरवेळी जमत नाही.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला ४ जीबीच रॅम आहे, क्यूजीआयएस चालेल का?
— पंचवटीहून एक वाचक

उत्तर : चालेल, रडतखडत. अख्ख्या जिल्ह्याचं सॅटेलाइट चित्र उघडू नकोस, आधी पाहिजे तेवढा भाग क्लिप कर, आणि ब्राउझर बंद ठेव. मोठं काम कॉलेजच्या लॅबमध्येच कर.