युक्रेनमधल्या पडलेल्या घराचा राडारोडा मातीत मिसळून सिरॅमिकचं काम करता येईल का?

येईल, पण सरसकट नाही. तुमची युक्रेनी मैत्रीण विटा, काच आणि तोफगोळ्याच्या किरचा घेऊन बसली आहे आणि सुरुवात कशापासून करावी, असं तुम्ही विचारलंय. विटेपासून.

वीट ही भाजलेली मातीच, त्यामुळे ती सहज सामावते. ओलसर करून कुटा (कोरडी धूळ फुप्फुसांना घातक), वाळवा, तोंडाला मास्क लावून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा आणि कोरड्या मातीच्या वजनाच्या १५ टक्क्यांपर्यंत घाला. खरा त्रास विटेला चिकटलेल्या गिलाव्याचा. त्यातला चुना भट्टीत कळीचा चुना होतो आणि नंतर हवेतली ओल घेऊन फुगतो. भांडं भट्टीतून धडधाकट निघतं, आठ-पंधरा दिवसांनी अंगावरची खपली उडते. चुनखडीचा हा जाच आपल्याकडच्या वीटभट्टीवाल्यांनाही चांगलाच ठाऊक आहे. म्हणून गिलावा आधी तासून काढा आणि चुऱ्यावर व्हिनेगर टाकून बघा. फसफसलं तर तो चुरा बाद. ढिगात सिमेंटच्या पन्हाळी पत्र्याचे तुकडे दिसले तर तो ढीगच सोडा. तिथल्या जुन्या छपरांच्या पत्र्यातही ॲस्बेस्टॉस असतं.

काच उभ्या बाजूला लावू नका, ओघळून भट्टीच्या फळीला चिकटेल. एकदा भाजलेल्या ताटलीच्या खोलगट तळात पातळ थर द्या; १००० अंश सेल्सिअसच्या आसपास तिचं छान तळं होतं. निवताना ती मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून बारीक तड्यांची जाळी पडणारच. मला ती हवीशी वाटते, पण त्या ताटलीत जेवू नये.

किरच मातीत पुरू नका. वाळताना माती आकसते, पोलाद आकसत नाही. चीर नेमकी तिथेच पडते. ओल्या मातीवर ठसा घ्या आणि किरच उचला. तीही स्फोटकं निकामी करणाऱ्या पथकाने निर्धोक ठरवलेली असेल तरच हातात घ्या.

आकाराचं म्हणाल, तर रणगाडे आणि शिरस्त्राणं नकोत. २०२२ मध्ये कीव्हजवळच्या बोरोदियांकात बॉम्बहल्ल्यात इमारत कोसळून भिंत उघडी पडली, तरी स्वयंपाकघरातलं कपाट आणि त्यावरचा वासिल्कीव गावच्या कारखान्यातला मातीचा कोंबडा जागेवरच राहिला, तो लोकांनी मनात धरला. पण त्याच्याही नकला पुरे झाल्या. त्यापेक्षा तिकडच्या घरातलं भांडंच घ्या. पश्चिम युक्रेनमधल्या कोसिव गावची पद्धत (युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१९ पासून) इथे चपखल बसते: लाल मातीवर पांढऱ्या पातळ मातीचा हात, तो जरा आवळला की टोच्याने कोरायचं म्हणजे खालचा लाल रंग दिसतो, मग पहिली भाजणी, त्यावर तांब्याचा हिरवा व लोखंडाचा पिवळा, वर पारदर्शक ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) आणि दुसरी भाजणी. ग्लेझ शिसेविरहितच घ्या.

कुमानेत्स, म्हणजे कड्यासारखी पोकळ सुरई, करायची असेल तर वाळवायला दोन आठवडे द्या. भट्टीत ती फुटते ती आतल्या हवेने नव्हे, जाड जोडात उरलेल्या ओलीने. १०० अंशांच्या आत दोन-तीन तास रेंगाळा, मगच आच वाढवा.